काचा वर, टप नाही

नव्या स्पोर्ट गाडीचं उघडं मॉडेल निघणार की नाही, याची काळजी कोणाला असते असं तुम्हाला वाटतं? एखाद्या बागायतदाराच्या पोराला, असंच म्हणाल. गॉगल लावून, केस उडवत हायवेने पळायला. तुमचं चुकलं, पण दोष तुमचा नाही. तुम्ही तोतारामला ओळखत नव्हता.

तोताराम डेंटर. धुळ्यात आग्रा रोडला ट्रकांच्या गॅरेजांची रांग आहे, तिच्या शेवटाला त्याचं दुकान. दुकान म्हणजे वर पत्रे, कोपऱ्यात गॅसची टाकी आणि समोर ठोकून सरळ करायला आलेली वाकडी मडगार्डं. मनगटं जाडजूड, भुवया वेल्डिंगने जळालेल्या, आणि बोलताना बोट कायम समोरच्याच्या छातीकडे. त्याची स्वतःची एक सायकल होती, तिलाही घंटी नव्हती. असा माणूस १९९० च्या दिवाळीपासून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटला होता, "काय भाऊ, घोरपडीचं बिनटपाचं येणार का?"

घोरपड म्हणजे ती गाडी. कंपनीने तिला कसलंसं इंग्रजी नाव दिलं होतं, पण गॅरेज लाइनीत ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. बुटकी, रुंद, दोनच दारांची, जमिनीला पोट घासत पळणारी, म्हणून घोरपड. पेपरात तिचा फोटो आला तेव्हा खाली एक ओळ होती, की हिचं टप उघडणारं मॉडेलही काढायचा कंपनीचा विचार आहे. टप म्हणजे गाडीचं वरचं छप्पर. त्या एका ओळीवर तोतारामने आपल्या धाकट्या भावाचं लग्न टांगून ठेवलं.

का ते सांगतो. त्यासाठी गावाला जावं लागेल.

गाव सोनगीरच्या पुढे, हायवेवरून आत. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांना रोज एकमेकांच्या दारावरून जायचं असतं. तोताराम तिथल्या बौद्धवाड्यातला. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी ऊन कललं की नवरदेव गावातून फेरी मारतो. हळदीचं अंग, डोक्याला बाशिंग, पुढे वाजंत्री. बाया हातातलं काम टाकून ओट्यावर येतात आणि नवरदेव डोळे भरून बघून घेतात. कोणाचा आहे, कसा दिसतो, हळद चढली की नाही. फेरी असते ती एवढ्यासाठीच. ज्याला कोणी पाहिलंच नाही तो मिरवला कसा?

आणि बौद्धवाड्याची फेरी बौद्धवाड्यातच फिरायची. कागदावर नियम नव्हता. पण चावडीच्या पुढची मोठी गल्ली त्यांच्या नवरदेवाची नव्हती.

तोतारामने स्वतःच्या लग्नात हे मोडायचं ठरवलं होतं. सोनगीरहून घोडा आणला आणि चावडीपर्यंत आला. तिथे कौतिक आबा उभे होते. गावाचा शब्द आबांच्या तोंडून निघायचा. आबांनी लगाम धरला नाही, काठी उगारली नाही. नुसतं बोट खाली केलं आणि म्हणाले, "उतर खाले."

आबांच्या मागे सगळी मोठी गल्ली उभी. तोताराम उतरला. बाशिंग बांधलेला नवरदेव घोड्याच्या बाजूने पायी परत गेला. गावातले लोक पुढे कितीतरी वर्षं फुशारकीने सांगायचे, "आम्ही त्याला बोटही लावलं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

त्यानंतर तो धुळ्याला आला, घण हातात घेतला आणि गावातल्या कोणाशी त्याबद्दल बोलला नाही. मात्र धाकटा भाऊ झुलाल एसटीच्या डेपोत टायर फिटर म्हणून लागला, अमळनेरची मुलगी ठरली, आणि तोताराम सरळ चावडीवर जाऊन बसला. बरोबर वाड्यातली पाचसहा माणसं होती, त्यांत मीही होतो.

"झुलालची फेरी मोठ्या गल्लीतून जाणार," तो म्हणाला. "आबा, आधी सांगून जातोय. मागाहून म्हणू नका."

कौतिक आबा आता म्हातारे झाले होते, पण डोळा तसाच. ते हसले. काळ बदललाय हे त्यांनाही कळत होतं. अत्याचाराविरुद्धचा नवा कायदा आलेला, जयंतीच्या शताब्दीचं वर्ष, गावात पाहुणेरावळे, पेपरवाले. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची तयारी नव्हती. मग माणूस अटी घालतो.

"जाय ना भो," आबा म्हणाले. "कोण नहीं म्हणस? पण घोडा नको. जीप नको, जीपमा लोके उभा राहतस. टॅक्टर नको. मोटर आण. काचा वर कर आणि बठ्ठा गावमा फिर."

"काचा वर कसाले?"

"धूळ भलती शे. नवरदेवना डोयामा जाई."

ओट्यावरची माणसं खदखदून हसली. तोताराम हसला नाही. त्याने बोट आबांच्या छातीकडे केलं. "परत सांगा आबा. बठ्ठासमोर, सगळे ऐकू द्या."

"मोटर. काचा वर."

"मंजूर," तोताराम म्हणाला आणि उठला.

मी रस्त्यातच त्याच्यावर तुटून पडलो. तडजोड मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. काचा वर केलेली मोटार म्हणजे झाकलेली टोपली. आत भाजी आहे की भाऊ आहे, कोणाला कळणार? मी म्हटलं, कायदा आपल्या बाजूने आहे, अर्ज देऊ, पोलीस आणू, घोड्यावरून नेऊ.

तो म्हणाला, "दोन्ही बाजूला पोलीस घालून नेला तर झुलाल नवरदेव दिसेल का कोर्टात नेलेला आरोपी दिसेल? आणि तू जाशील जळगावला भाषण द्यायला. मी जाईन धुळ्याला. माय इथेच राहते. तिला सकाळी ह्यांच्याच मळ्यात कापूस वेचायला जायचंय. त्यांनी शब्द दिलाय, तोच शब्द मी त्यांच्या गळ्यात घालणार. मोटर पाहिजे, काचा पाहिजेत, काचा वर पाहिजेत. टपाचं कोणी बोललं नाही."

मी रस्त्यात थांबलो. खरंच, टपाचं कोणी बोललं नव्हतं. बोलणार कसं? आबांनी जन्मात बिनटपाची मोटार पाहिली नव्हती. मोटार म्हणजे बंदच, हे त्यांनी धरून चाललेलं.

आता अशी गाडी आणायची कुठून? वरातीला भाड्याने मिळणाऱ्या जुन्या उघड्या गाड्या तोतारामने धुळ्यापासून भुसावळपर्यंत पालथ्या घातल्या. त्यांना टप नव्हतं, पण काचाही नव्हत्या. काच असेल तिथे टप, टप नसेल तिथे काच नाही. दोन्ही जमणारी एकच, ती पेपरातली घोरपड, आणि तीही अजून कंपनीच्या विचारात.

गॅरेज लाइनीत यावर रोज कचेरी भरायची. भंगारवाला जब्बार छातीठोक सांगायचा, "निकलेगी. मेरे साले ने बंबई में फोटो देखा है." त्याच्या साल्याने मुंबईत काय काय पाहिलं होतं याला सुमार नव्हता. शेजारच्या दुकानात अनवरी बसायची. नवरा नूर महंमद गेल्यावर जीपचे हूड शिवायचं त्याचं काम तिने हातात घेतलं होतं. तिची सुई जाड आणि जीभ त्याहून जाड. ती ताडपत्रीतून मान वर न करता म्हणायची, "कंपनीला येड लागलंय का? टप काढून गाडी विकायची आणि वर पैसे जास्त घ्यायचे. लोक घेतीलही, तुमच्यासारखे."

तोताराम जळगावला त्या गाडीच्या शोरूममध्ये जाऊन आला. टाय लावलेला, तरणा, सभ्य पोरगा होता. काळ्या हातांच्या माणसाला त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. हे तोताराम नेहमी सांगायचा, मीही सांगतो.

"उघडं मॉडेल येणार का?"

"विचार चालू आहे."

"कोणाचा?"

"कंपनीचा."

"कंपनी म्हणजे कोण माणूस? नाव सांगा, मी त्याला जाऊन भेटतो."

पोरगा गडबडला. मग त्याने समजावून सांगितलं, की या गाडीला जीप-ट्रकसारखी खाली चासी, म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा, नाही. टप, दारं, तळ, सगळं मिळून एकच पेटी आहे. टप काढलं तर पेटीची ताकद जाते. तळ नव्याने मजबूत करावा लागेल, म्हणून वेळ लागतोय. येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही.

तोताराम परत आला तो भडकूनच. "बहाणे शेतस. टप म्हणजे डोक्यावरचं फडकं. फडकं काढलं म्हणून माणूस कधी वाकलाय का?"

लाइनीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचा जन्म जीपांत गेलेला. जीपचं हूड काढा, दारं काढा, मागे, पुढे, बॉनेटवर माणसं लादा, ती चालतेच. टपाचा आणि ताकदीचा काही संबंध असतो, हे आग्रा रोडला कोणी मानलंच नसतं.

तिकडे अमळनेरला मुलीचे वडील निंबाभाऊ वैतागले होते. तेलगिरणीत काम करणारा सरळ माणूस. एक दिवस ते धुळ्याला दुकानात आले आणि उभ्यानेच बोलले.

"तोतारामभाऊ, हळद पोरीला लावायची का गाडीला?"

"थोडं थांबा. कंपनीचा निर्णय येतोय."

"जावई एसटीत आहे, एसटीने या. आम्ही स्टॅंडवर हार घेऊन उभे राहतो. वैशाखात लग्न झालं तर झालं. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल, मग राग धरू नका."

झुलाल तिथेच उभा होता. निंबाभाऊ गेल्यावर तो म्हणाला, "दादा, राहू दे. बंद गाडीतून जाईन. माझं काय बिघडतं?"

तोतारामने घण खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझं नाही बिघडत. तू घोड्यावरून उतरला नव्हतास."

पुढे हा विषय दोघा भावांत निघाला नाही.

मग घोरपड स्वतःच चालून आली, पण उलटी होऊन. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याने हौसेने घेतलेली लाल घोरपड सोनगीरजवळ कठड्याला धडकून पालथी झाली. देवाने वाचवलं म्हणा, पट्ट्याने वाचवलं म्हणा, चालवणारा खरचटण्यावर सुटला. पण टप पार चेपून खाली आलेलं. व्यापाऱ्याला ती परत दारात नको होती. जब्बारने भंगारात उचलली आणि आग्रा रोडला आणून तोतारामच्या दुकानापुढे टाकली.

"ले," तो म्हणाला. "तेरी कंपनी ने निर्णय ले लिया."

सौदाही साधाच ठरला. तोतारामने गाडी उभी करायची, झुलालची फेरी काढायची, आणि मग गाडी जब्बारची, वरातीला भाड्याने फिरवायला. दोघांनी हात मिळवले आणि त्याच दुपारी तोतारामने गॅस कटर पेटवला.

टप कापून बाजूला पडलं तेव्हा सगळी लाइन जमली होती. आतल्या सीटा उन्हात आल्या. पुढची काच फुटली होती, ती त्याने बदलली. दारांच्या काचा नवीन मिळवल्या. हँडल फिरवलं की वर यायच्या, पण वर टपाची चौकट नसल्यामुळे थडथडायच्या. अनवरीने त्यांच्या खाचेत नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या शिवून बसवल्या. मागून घडी घालता येईल असं ताडपत्रीचं टपही तिने शिवलं. तोताराम म्हणाला, ते कशाला, आपल्याला उघडीच पाहिजे. ती म्हणाली, "उघडी दिसायला आधी बंद व्हायला पाहिजे. नाहीतर ती गाडी नाही, टब आहे."

गाडी रंगली, चमकली, चालू झाली. तोताराम झुलालला घेऊन देवपूरपर्यंत एक चक्कर मारायला निघाला. मागच्या सीटच्या पाठीवर, नवरदेव बसतो तसा उंच, त्याने झुलालला बसवलं, आणि आधाराला दोन्हीकडे डेपोतले दोन दोस्त. पुलावरच्या पहिल्याच खड्ड्यात खालून कण्हल्यासारखा आवाज आला. परत येऊन दुकानापुढे थांबले आणि उतरायला गेले, तर दार उघडेना. दुसरंही नाही. तोतारामने लाथ घातली. दार तिथेच. लांबून बघितलं तेव्हा कळलं. गाडी मधोमध खाली बसली होती, खाट बसते तशी, आणि दोन्ही दारं चौकटीत पिळून अडकली होती.

लाइन हसली. तोताराम तिघांना वरून उड्या मारायला लावून एकटाच गाडीभोवती फिरत राहिला. बिजागरीला शिव्या दिल्या, दारं बनवणाऱ्याला दिल्या, पुलाच्या कंत्राटदाराला दिल्या.

अनवरी सुई टोचत बसली होती. "तोताभाऊ," ती म्हणाली, "मंडपाचं वरचं आढं काढून नेलंस आणि आता खांबांना शिव्या देतोस."

तो गाडीपुढे उकिडवा बसला. मग टायवाल्या पोराने जळगावला सांगितलेलं सगळं त्याच्या कानात परत वाजलं असावं. "खरं बोलला होता तो," तोताराम एवढंच म्हणाला. आणि चूक कळलेला रागीट माणूस जसा काम करतो, तसा तो कामाला लागला.

एका मोडक्या ट्रकच्या चासीचे दोन लांब तुकडे काढले, जॅकने गाडी मधून वर उचलली आणि ते तळाला जोडले. तरी भागेना. दारं उघडती-मिटती राहिली की बाजू ढिली पडते. वैशाख दारात आला होता, निंबाभाऊंचा निरोप आला होता. शेवटी त्याने चष्मा लावला आणि दोन्ही दारं चौकटीला वेल्डिंग करून टाकली. कायमची. कड्या तेवढ्या शोभेला ठेवल्या. गाडी आता दगडासारखी घट्ट होती.

झुलाल म्हणाला, "मी बसू कसा?"

"उडी मारून."

"नवरदेव उडी मारतो का दादा? धोतर आहे."

"हम उठा के बिठाएंगे," जब्बार म्हणाला. "दूल्हा है. दूल्हे को उठाने में क्या शरम?"

फेरीच्या दिवशी वाड्यातून निघताना तसंच केलं. एका बाजूने तोताराम, दुसऱ्या बाजूने जब्बार, हळदीने माखलेल्या झुलालला बगलेत हात घालून उचलला आणि दारावरून आत, सीटच्या पाठीवर उंच ठेवला. माय भागाबाईने कानशिलावर बोटं मोडली. पुढे निळं निशाण, वाजंत्री, मागे सगळा वाडा. तोताराम स्टिअरिंगवर. शेजारी अनवरी, मांडीवर ताडपत्रीच्या टपाची घडी. "टप आहे म्हणून दाखवायला लागेल," ती म्हणाली होती, आणि कोणी विचारायच्या आधी चढूनही बसली होती.

वळणावर तोतारामने गाडी थांबवली. दोन्ही काचा फिरवून पूर्ण वर केल्या. मग मोठ्या गल्लीत घातली.

त्या गल्लीने तो देखावा कधी बघितला नव्हता. लाल गाडी, दोन्ही बाजूंना काचा उभ्या, आणि काचांच्या वर छातीपासून बाशिंगापर्यंत सगळाच्या सगळा झुलाल, कलत्या उन्हात पिवळा. बाया ओट्यावर आल्या. पोरं भिंतींवर चढली. लपवायला काही राहिलंच नव्हतं.

चावडीपुढे कौतिक आबा उभे होते. गाडी थांबली. वाजंत्री थांबली.

"मी मोटर सांगेल व्हती," आबा म्हणाले.

"हाई मोटरच शे," तोताराम म्हणाला.

"काचा वर सांगेल व्हत्या."

"वर शेतस. हात लावी देखा."

आबांनी काचेकडे बघितलं, मग काचेच्या वर बघितलं. "आणि टप?"

अनवरीने मांडीवरची घडी उचलून दाखवली. "ये रहा टप, आबा. दूल्हे को गरमी हो रही थी, इसलिए निकाला. धूळ के लिए काच है ना."

कोणीतरी फिसकन हसलं. आबांचा चेहरा ताठ झाला. त्यांनी हात उचलला, आणि वर्षांपूर्वीचं तेच बोट खाली केलं. "उतर खाले."

झुलाल जागचा हलला नाही. आबांचा पुतण्या पुढे आला, दाराची कडी धरून ओढली. कडी त्याच्या हातात आली. दार तिथेच.

"दार उघाड," आबा म्हणाले.

"दार उघडत नहीं आबा," तोताराम म्हणाला. आवाज शांत होता. मी त्याला इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं. "वेल्डिंग कयेल शे. नवरदेव स्वतः उतरू शकत नहीं. तुमले उतरावना व्हई तर उचली ल्या. बगलमा हात घाला, छातीशी धरा, आणि खाले ठेवा. मी आडवा येणार नहीं."

हे आधी ठरलेलं नव्हतं. मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाला, कडी हातात आली तेव्हा सुचलं. आणि झुलालला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने आपले हळदीचे दोन्ही हात वर केले, लहान मूल कडेवर घे म्हणतं तसे, आणि आबांच्या पुतण्याकडे बघत राहिला.

पुतण्याने मागे पाहिलं. त्याच्या मागच्याने त्याच्या मागे पाहिलं. "बोटही लावलं नाही" म्हणून वर्षानुवर्षं मिशीला पीळ देणारी माणसं होती ती. आता हात घालायची पाळी आली होती आणि हात कोणाचा पुढे होईना. घोड्यावरून माणूस उतरवायला बोट पुरतं. गाडीतून उतरवायला मिठी मारावी लागत होती.

झुलालचे हात वरच होते.

शेवटी ओट्यावरून आवाज आला. आबांच्याच घरातली झुंबरबाई, त्यांची भावजय. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "आबा, नवरदेवले उचला, नहीं तर वाट सोडा. उन्हमा पोऱ्या काळा पडी जाई."

बाया हसल्या. मग पोरं हसली. मग ज्यांना हसायचं नव्हतं त्यांनाही तोंड फिरवावं लागलं. कौतिक आबा चावडीच्या ओट्यावर बसले, कोपरीतून तंबाखू काढली आणि मळायला लागले. आमच्याकडे याला परवानगी म्हणत नाहीत, पण गाडी सुरू करायला एवढं पुरतं.

तोतारामने गाडी पहिल्या गियरमध्येच नेली. मुद्दाम. पूर्ण गल्ली, दारोदार, प्रत्येकाला बघायला वेळ मिळेल अशी. गल्ली संपली, विहिरीजवळ त्याने थांबवली आणि दोन्ही काचा खाली केल्या.

"अट संपली," तो म्हणाला. मग त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. अनवरीने टपाची घडी त्याच्या पाठीवर टाकली, ऊन लागू नये म्हणून. वाजंत्री वाजत होती, वाड्यातली पोरं नाचत होती, आणि कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, हे बरंच झालं.

सगळं गोड झालं असं लिहून मोकळा होणार नाही. त्या हंगामात मोठ्या गल्लीने वाड्याला कामाला बोलावणं बंद केलं. भागाबाई सोनगीरच्या बाजूला दुसऱ्याच्या मळ्यात जाऊ लागली, दूर पडायचं. मी एकदा तिला विचारलं, पस्तावा होतो का. ती म्हणाली, "मना पोऱ्यानं तोंड बठ्ठा गावनी देखं. आते काम नहीं दी तर नको दी." पेरणी तोंडावर आली, माणसं मिळेनात, तेव्हा बोलावणं आपोआप आलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

कंपनीचं उत्तरही आलं. उघडं मॉडेल निघणार नाही, आणि खप नाही म्हणून ती गाडीच बंद होतेय. टायवाल्या पोराने धुळ्याला येऊन मुद्दाम सांगितलं. तोतारामने त्याला जब्बारच्या दारातली लाल गाडी दाखवली, खालचे चासीचे तुकडे दाखवले, दारांचं वेल्डिंग दाखवलं. पोराने वाकून बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "हे कोणत्याही पुस्तकात बसत नाही." तोतारामने त्याला चहा मागवला.

गाडी जब्बारने भाड्याने लावली आणि ती तुफान चालली. नवरदेवाला उचलून बसवायचं आणि उचलून उतरवायचं, हे लोकांना इतकं आवडलं, की पुढे मुलीकडचे भाऊ त्यासाठी भांडायला लागले, कोण उचलणार म्हणून. आता अमळनेर-धुळ्याकडे साध्या, चांगल्या दाराच्या गाडीतूनही नवरदेवाला उचलूनच काढतात आणि म्हणतात, आमच्यात अशीच रीत आहे. त्या फेरीनंतर दोन वर्षांनी कौतिक आबांचा नातू याच गाडीत बसून त्याच गल्लीतून मिरवला. त्याला उतरवणाऱ्यांत डेपोत त्याच्याबरोबर काम करणारा झुलाल होता. झुलालने हात घातला आणि त्याला खाली ठेवलं, एवढंच. आबा ओट्यावर बसून बघत होते. मी होतो तिथे, म्हणून लिहितो.

तोताराम आता थकलाय. घण दुसरे मारतात, तो बाजूला बसून बोट दाखवतो. त्याच्यावर लिहितोय म्हटल्यावर म्हणाला, माझं कौतुक करू नको, टपाचं मी चुकलो होतो तेही लिही. लिहिलं.

राहता राहिले तुम्ही. पुढची लग्नसराई फार लांब नाही. तुमच्याही गावात एखादी मोठी गल्ली असेल, आणि तिच्यातून कोणाच्या तरी नवरदेवाने काचा वर करूनच जायचं, असं कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असेल. त्या दिवशी आत जाऊन बसू नका. ओट्यावर या, नवरदेवाच्या तोंडाकडे नीट बघा, आणि काच वर असेल तर पुढे होऊन ती खाली करायला सांगा.